विमानप्रवासात फिल्मचे रोल एक्स-रेपासून कसे सांभाळावेत?

वेरूळवाट | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात, म्हणजे ऐन मे महिन्यात, धाकट्या भावाकडे लंडनला जायचंय. चिकलठाण्याहून मुंबई आणि मुंबईहून पुढं. या वेळी डिजिटल कॅमेरा घरी ठेवून फक्त फिल्म कॅमेरा न्यायचं मनात आहे. ट्राय-एक्स ४०० आणि एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे कोरे रोल घेऊन ठेवलेत. लेण्यांतल्या अंधारासाठी मागवलेले डेल्टा ३२०० पण थोडे उरलेत.

खरी काळजी वेगळीच आहे. पैठणला नाथषष्ठीला काढलेले आणि वेरूळला कैलास लेण्यात काढलेले ट्राय-एक्सचे रोल अजून धुवायचे, म्हणजे डेव्हलप करायचे, राहिलेत. भाऊ म्हणतो, इकडंच घेऊन ये, इथं लॅब चांगल्या आहेत. पण काल्याच्या दिवशीची ती गर्दी, ते चेहरे परत मिळणार नाहीत. रोल वाटेत खराब झाले तर भरपाई कशानंच होणार नाही.

विचारपूस केली तर जितकी तोंडं तितकी मतं. गुलमंडीवरचे ओळखीचे दुकानदार म्हणाले, शिशाची पिशवी मागवा, निर्धास्त राहा. एक मित्र म्हणतो, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेव, कुणी बघत पण नाही. ऑफिसातले एक जण म्हणतात, आजकालच्या मशिननं काहीच होत नाही. ज्यांनी स्वतः रोल घेऊन प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगावं.

जुना डार्करूमवाला | रविवार, रात्री १०.०२

मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, रोल टाकायचा नाही. कोरा असो, काढलेला असो, कितीही कमी स्पीडचा असो (स्पीड म्हणजे फिल्मची प्रकाश टिपायची ताकद, ४०० किंवा ३२०० हे आकडे तिचेच). बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते, यावर नाही.

त्या सामानाची तपासणी करणारी मशिनं हँडबॅगेच्या जुन्या मशिनपेक्षा कितीतरी तीव्र असतात. १९९० च्या दशकात ती मोठ्या विमानतळांवर आली तेव्हाच कोडॅकनं फोटोग्राफरांना सावध केलं होतं. परभणीत माझा स्टुडिओ होता तेव्हा आखातातून सुट्टीवर आलेल्या एका गिऱ्हाइकाचे रोल मी स्वतः धुतलेत. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली तर बोटभर रुंदीचा एक काळपट पट्टा दिसत होता. तो सरळ नव्हता. लाटेसारखा वरखाली होत एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये गेला होता. रोल डबीत गुंडाळलेला असतो ना, त्यामुळं किरणांचा झोत त्याला एकाच जागी लागला तरी उलगडल्यावर त्याची लांबलचक लाट होते. प्रिंटवर तोच पट्टा पांढरट धुक्यासारखा उतरला. गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या केमिकलचा दोष. त्याच केमिकलमध्ये त्याच दिवशी धुतलेला दुसरा रोल शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा कुठं पटलं.

रोल हातातल्या बॅगेत ठेवा. कागदी खोकी काढून टाका आणि सगळे रोल एका पारदर्शक झिपच्या पिशवीत घ्या. तपासणाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे की हे काय आहे.

प्रकाशकण | रविवार, रात्री ११.१५

काकांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यामागचं कारण सांगतो. मी नांदेडला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं लांबेल.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनात, गेल्यावर तो स्फटिक काळा पडतो. एक्स-रेसुद्धा नेमकं हेच करतात. फरक एवढाच की प्रकाश काळ्या डबीनं अडतो, एक्स-रे अडत नाहीत. हे जगाला शंभरावर वर्षं माहीत आहे. १८९५ मध्ये राँटगेननं एक्स-रे शोधले आणि पुढच्याच वर्षी बेकरेलच्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा युरेनियमच्या क्षारामुळं आपोआप काळवंडल्या. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो अशा खराब झालेल्या काचेवरूनच.

आता जास्त स्पीडची फिल्म लवकर का बिघडते? तिच्यातले स्फटिक मोठे असतात. मोठा स्फटिक किरणाच्या वाटेत येण्याची शक्यता जास्त, आणि एका किरणानं तो अख्खाच्या अख्खा काळा होण्याच्या लायकीचा होतो. म्हणून १०० स्पीडच्या रोलला जे झेपतं ते ३२०० ला झेपत नाही.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, हा परिणाम साठत जातो. चिकलठाणा, मुंबई, परतीचं लंडन, शिवाय मुंबईत मेट्रोत चढताना बॅग ज्या मशिनमधून जाते ते आणि मोठ्या रेल्वे स्टेशनच्या दारातलं, सगळ्यांची बेरीज होते. मधे आठवडा गेला म्हणून फिल्म सावरत नाही. दुसरी, काढलेला रोल जास्त जपावा. कोऱ्या रोलवर धुकं, म्हणजे नको असलेला राखाडीपणा, आलं तर नवा घेता येतो, आणि ते धुकं आधी दिसतं सावल्यांत. कैलास लेण्यातल्या तुमच्या फोटोंमध्ये सावल्याच जास्त असणार. स्पीड वाढवून काढले असतील, म्हणजे धुताना पुश करणार असाल (डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणार असाल), तर धुकंही त्याच प्रमाणात वर येईल.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ७.३०

मी जरा वेगळं सांगतो. मी लातूरचा, कामासाठी हैदराबादहून विमानानं कायम येणं-जाणं असतं. एचपी५चे रोल हँडबॅगेत टाकून कैक वेळा मशिनमधून गेलेत. कधीच काही झालं नाही. निगेटिव्ह स्वच्छ. मला वाटतं लोक उगाच घाबरायलेत. ज्या रोलला सगळ्यात जास्त फिरवलं तो पण कुणी ओळखून दाखवावा.

निगेटिव्ह बाई | सोमवार, सकाळी ९.४५

मांजराकाठ दादा, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो जुन्या प्रकारच्या मशिनचा आहे. हातातल्या सामानाच्या साध्या एक्स-रे मशिनमधून ८०० च्या खालचा रोल दोनचार वेळा गेला तर डोळ्यांना फरक दिसत नाही, हे फिल्म कंपन्यासुद्धा इतकी वर्षं सांगत आल्या.

आता मशिनं बदलतायत. मी मूळची जालन्याची, सध्या बंगळुरूला असते. इकडं नवी सीटी पद्धतीची मशिनं आली आहेत. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात तसंच, बॅगेभोवती सगळ्या बाजूंनी किरण फिरतात. कोडॅक आणि इल्फर्ड दोघांनीही स्पष्ट सांगितलंय की या मशिनमधून न धुतलेली फिल्म जाऊ देऊ नका. इथं ४०० चा रोल एकदाच गेला तरी धोका आहे. बीसीएएसनं, म्हणजे विमानसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, मोठ्या विमानतळांना ही मशिनं बसवायला सांगितलंय, त्यामुळं कालपर्यंत ज्या रांगेत रोल सुखरूप गेला तिथं उद्याही जाईल असं धरून चालू नका.

ओळखायचं कसं? रांगेत उभं असताना पुढच्यांकडं बघा. लॅपटॉप बाहेर काढायला लावत असतील तर बहुतेक जुनं मशिन. लॅपटॉप, चार्जर बॅगेतच ठेवा म्हणत असतील तर सीटी असण्याची शक्यता जास्त. सीटीचं मशिन जाडजूड असतं आणि बसलेला माणूस पडद्यावर बॅगेचं चित्र गोल फिरवून बघतो. तसं दिसलं की रोलची पिशवी ट्रेमध्ये न ठेवता हातातच धरा आणि बोला.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी १०.२०

सीटीचं हे माहीत नव्हतं. हैदराबादला आता लक्ष ठेवतो. जुन्या मशिनबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे, ४०० पर्यंत जीव टांगणीला लावायची गरज नाही.

वेरूळवाट | सोमवार, दुपारी १.०५

खूप उपयोगी माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. मग शिशाच्या पिशवीचं काय? आणि हातानं तपासा म्हटलं तर सीआयएसएफवाले, म्हणजे विमानतळावरचे सुरक्षा जवान, ऐकतात का? मला नियमाची भाषा येत नाही, वाद घालायचा स्वभावही नाही.

प्रकाशकण | सोमवार, दुपारी २.४०

शिशाची पिशवी घेऊ नका. जुन्या मशिनच्या पडद्यावर ती एक ठार काळा चौकोन दिसते. आत काय आहे हे कळल्याशिवाय ते पुढं जाऊ देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. मग एकतर बॅग उघडतात किंवा पुन्हा आत घालतात. उघडायचीच असेल तर आधीच पारदर्शक पिशवी दाखवलेली काय वाईट? पुन्हा आत घातली तर रोलला दुप्पट मार बसला. आणि सीटीच्या तीव्रतेपुढं बाजारातल्या पिशवीचं पातळ शिसं पुरं पडेल यावर मी माझा एकही रोल लावणार नाही. दुकानदारांचा सल्ला चांगल्या मनानंच आलाय, पण तो जुन्या काळचा आहे.

औंढ्याचा प्रवासी | सोमवार, संध्याकाळी ६.१५

सीआयएसएफबद्दल मी लिहितो. आपल्याकडं हातानं तपासून मिळणं हा हक्क नाही, जवानाच्या आणि त्याच्या वरिष्ठाच्या निर्णयावर असतं. अमेरिकेत प्रवाशानं मागितलं तर फिल्म हातानं तपासायची नियमातच सोय आहे, तशी इथं गृहीत धरू नका. पण नीट बोललं तर बरेचदा मान्य करतात, आणि चिकलठाण्यासारख्या कमी गर्दीच्या विमानतळावर तर निवांत ऐकून घेतात. मुंबईत रात्रीच्या रांगेत तेवढा वेळ कुणाकडंच नसतो, म्हणून तिथं लवकर पोचायचं.

जवान देशभरातले असतात, त्यामुळं हिंदीत बोला आणि थोडक्यात बोला. मी असं म्हणतो: "सर, ये कैमरे की रील है, अभी धुली नहीं है. एक्स-रे से खराब हो जाएगी. हाथ से चेक कर लीजिए, मैं रुकता हूँ." "फिल्म" म्हटलं तर काहींना सिनेमा वाटतो, "रील" म्हटलं की पन्नाशीतल्या हवालदाराला लगेच कळतं. विशीतल्या पोरांनी मात्र रोल पाहिलेलाच नसतो. त्यांच्यासाठी मी धुतलेल्या निगेटिव्हचा एक तुकडा त्याच पिशवीत ठेवतो. तो उजेडाकडं धरून दाखवला की चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं. मग ते डब्यांवरून कापडाची पट्टी फिरवतात, ती मशिनमध्ये घालून स्फोटकांचा अंश आहे का बघतात आणि पिशवी परत देतात.

नाही म्हणाले तर? वरिष्ठांना विचाराल का, एवढंच एकदा नम्रपणे म्हणायचं. तरीही नाही म्हणाले आणि मशिन जुनं असेल, तर ४०० पर्यंतचे रोल जाऊ द्या आणि ३२०० साठी तेवढी पुन्हा विनंती करा. तुमच्या मागं रांग असते आणि त्यांचं काम सुरक्षेचं असतं, हे विसरून चालत नाही.

बालाघाटी | सोमवार, रात्री ८.५०

सोपा उपाय सांगू का, रोल शर्टाच्या किंवा जॅकेटच्या खिशात ठेवायचे. दारातून चालत जायचं. त्या दारात एक्स-रे नसतात ना?

औंढ्याचा प्रवासी | सोमवार, रात्री ९.१०

बालाघाटी, दारात एक्स-रे नसतात हे खरं. ते धातू शोधणारं दार आहे, हातातल्या दांड्याचंही तसंच, त्यानं फिल्मला काही होत नाही. पण आपल्याकडं प्रत्येकाची झडती होते. खिशातल्या रोलची डबी धातूची असते. दांडा वाजला आणि खिशातून न सांगितलेल्या डब्या निघाल्या की समोरच्याचा विश्वास जातो, आणि मग त्या डब्या हमखास मशिनमध्ये जातात. लपवायचं काहीच नाही तर लपवू नका. आधी हातात घ्या, दाखवा, विचारा.

निगेटिव्ह बाई | सोमवार, रात्री ९.३५

वरच्याला +१. लंडनबद्दल राहिलंच. ब्रिटनमधले मोठे विमानतळ गेल्या काही वर्षांत सीटीकडं वळलेत आणि तिथं हातानं तपासायची विनंती मान्य होईलच असं नाही. युरोपातल्या एका विमानतळावर मला सरळ नाही सांगितलं. विनंती केली, वरिष्ठ आले, तेही नाही म्हणाले. त्या रोलवर निळसर-राखाडी धुकं आलं ते आलंच. तुमचा खरा प्रश्न जाताना नाही, येताना आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: काढलेला आणि न धुतलेला रोल घेऊन तिथल्या विमानतळात शिरायचंच नाही. लंडनमध्ये काढलेले रोल लंडनमध्येच धुवून घ्या, परतताना निगेटिव्ह आणा. आणि एचपी५ इथून नेणं ही तर उलटी गंगा आहे. तो बनतोच इंग्लंडमध्ये, चेशायरमधल्या मॉबर्लीच्या कारखान्यात. कोरे रोल इथंच ठेवा, तिथं गेल्यावर घ्या. मग जाताना तुमच्याजवळ सांभाळण्यासारखं काही उरतच नाही.

जुना डार्करूमवाला | सोमवार, रात्री १०.३०

बाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आणि नाथषष्ठीचे रोल लंडनला नेऊच नका. ट्राय-एक्स आहे, कृष्णधवल आहे, घरी धुता येतो. जायच्या आधी धुवून टाका. धुतलेल्या फिल्मला कुठलंच मशिन काही करू शकत नाही.

मे महिन्यात आपल्याकडं धुवायचं म्हणजे पाण्याचं बघावं लागतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. डी-७६ हा डेव्हलपर न पातळ करता वापरला तर ट्राय-एक्सला २० अंशाला पावणेसात मिनिटं. पाणी गरम असेल तर वेळ कमी करत नेता येते, पण पाच मिनिटांच्या खाली गेलात की डेव्हलपर सगळीकडं सारखा बसत नाही, आभाळात डाग दिसतात. त्यापेक्षा माठातलं पाणी घ्या आणि परातीत बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करा. डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी, तिन्हींचं तापमान जवळपास सारखं ठेवा. एकदम गार, एकदम गरम केलं तर फिल्मवरचा थर आक्रसतो.

वेळ कमी असेल तर वेरूळचा एक कमी महत्त्वाचा रोल आधी धुवा. हात बसला की नाथषष्ठीला हात घाला.

वेरूळवाट | मंगळवार, सकाळी ८.००

काका, निगेटिव्ह बाई, ठरलं. जुने रोल इथंच धुणार, कोरे रोल नेणार नाही. फक्त एक अडचण. कॅमेऱ्यात एक रोल अर्धा झालाय. तो संपवू की तसाच नेऊ?

प्रकाशकण | मंगळवार, सकाळी ८.४०

कॅमेऱ्यात भरलेला रोल नेऊ नका. हातानं तपासणारा माणूस कॅमेरा उघडून बघायचा आग्रह धरू शकतो, त्याचं काम आहे ते. मागचं झाकण उघडलं की काढलेले फोटो गेलेच.

संपवता येत नसेल तर काढून ठेवा. कितवी फ्रेम झाली ते डबीवर पेनानं लिहा. उलटा गुंडाळताना कान देऊन ऐका, टोक सुटल्याचा हलका खट् आवाज येतो, तिथंच थांबा, म्हणजे फिल्मचं टोक डबीबाहेर राहील. परत आल्यावर पुन्हा भरा, लेन्सवर झाकण लावा, शटर सगळ्यात वेगवान, अॅपर्चर सगळ्यात लहान ठेवा आणि लिहिलेल्या आकड्याच्या दोन फ्रेम पुढं जाईपर्यंत शटर दाबत राहा. तेवढा वेळ रोल घरी कपाटात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. आपल्याकडचं ४३ अंशांचं ऊन एक्स-रेइतकंच फिल्मच्या जिवावर उठतं.

तेरणाकाठ | मंगळवार, दुपारी ३.२०

नमस्कार. धागा वाचतेय, माझाही प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे म्हणून इथंच विचारते.

वडील उमरगा तालुक्यात शिक्षक होते. त्यांच्या ट्रंकेत एक रोल सापडलाय. डबीवर "इंदू" लिहिलंय, कृष्णधवल. फिल्मचं टोक पूर्ण आत गेलेलं आहे. सोबतच्या कागदावर त्यांच्या अक्षरात फक्त "सास्तूर" आणि ९४ असं लिहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ते सास्तूर, किल्लारी भागात शाळांच्या कामासाठी जायचे. ते आता नाहीत, त्यामुळं विचारायला कुणी नाही.

मुंबईच्या एका लॅबनं सांगितलं कुरिअरनं पाठवा. पण वर वाचल्यावर भीती वाटायला लागली. कुरिअर विमानानं गेलं तर? की मीच घेऊन जाऊ? इतका जुना रोल, आत काही उरलं असेल का?

जुना डार्करूमवाला | मंगळवार, दुपारी ४.०५

ताई, कुरिअरला देऊ नका. विमानानं जाणारं पार्सल तपासणीतून जातंच आणि आत काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. रस्त्यानं जाणारं कुरिअर मिळतं, पण मधे ते कुठल्या गोदामात आणि उन्हात किती पडून राहील याची खात्री तुम्हाला कोण देणार?

इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. माझ्या स्टुडिओचा अर्धा धंदा त्याच फिल्मवर झाला. टोक आत गेलंय म्हणजे रोल काढून झालेला असण्याची दाट शक्यता आहे. तीस वर्षांत धुकं आलेलं असणार, मूळ चित्र थोडं विरलेलं असणार. पण कृष्णधवल फिल्म चिवट असते, काहीतरी मिळतं असा माझा अनुभव आहे. अशा रोलला आणखी थोडंही धुकं परवडणार नाही. ताज्या रोलला साध्या मशिननं जे कळणारसुद्धा नाही, ते याला जड जाईल.

तुम्ही धाराशिवकडच्या असाल तर परभणीला एसटीनं या. एसटी स्टँडवर एक्स-रे नाही, विमान नाही, गोदाम नाही. रोल पर्समध्ये ठेवा, खिडकीतल्या उन्हात नको. मी धुवून देतो, पैशाचं बोलू नका. तुमच्यासमोर धुतो.

प्रकाशकण | मंगळवार, दुपारी ४.३०

काका, माझी एकच सूचना. अख्खा रोल एकदम टाकू नका. सुरुवातीचा वीतभर तुकडा अंधारात कापून आधी तेवढाच धुवून बघा. धुकं किती आहे, वेळ किती लागेल, ते त्यावरून कळेल.

जुना डार्करूमवाला | मंगळवार, संध्याकाळी ५.१०

तेच करणार आहे सर. एचसी-११० डेव्हलपर घट्ट, पाणी गार आणि वेळ कमी. त्यात थोडं बेंझोट्रायाझोल, म्हणजे धुकं दबून राहतं. तुकड्यावर समाधान झाल्याशिवाय बाकीच्या रोलला हात लावणार नाही.

तेरणाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५.५०

काका, काय बोलू. शनिवारी येते. रोल तोपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू का?

जुना डार्करूमवाला | मंगळवार, संध्याकाळी ६.००

नको. इतकी वर्षं बाहेर राहिलाय, चार दिवसांनी फरक पडणार नाही. फ्रिजमधून काढून लगेच उन्हाळ्याच्या हवेत आणला तर डबीत पाणी धरेल. कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा. आणि कुणाला उघडून दाखवू नका, घरातल्यांना आधी सांगून ठेवा. लहान मुलं टोक ओढून बघतात.

बालाघाटी | बुधवार, सकाळी ११.१०

थोडं विषयांतर. भाची इन्स्टॅक्स घेऊन दुबईला चाललीय. त्यालाही हेच लागू का?

निगेटिव्ह बाई | बुधवार, सकाळी ११.३०

हो, पूर्ण लागू. इन्स्टॅक्सची फिल्म ८०० स्पीडची असते, त्यामुळं जास्तच. वापरून फेकायच्या कॅमेऱ्यातही बहुतेक ४०० किंवा ८०० चीच फिल्म असते. पाकीट हातातल्या बॅगेत, हातानं तपासायची विनंती, आणि जमलं तर पाकीट तिथंच विकत घ्यावं. मेमरी कार्ड, मोबाइल, डिजिटल कॅमेरा यांना एक्स-रेनं काही होत नाही, ते बिनधास्त जाऊ द्या.

तेरणाकाठ | रविवार, सकाळी १०.१५

काल परभणीला जाऊन आले. काकांनी आधी तुकडा धुतला, मग बाकीचा रोल. सुरुवातीच्या फ्रेम गेल्यात, नुसत्या राखाडी आहेत. मधल्या बऱ्याच फ्रेममध्ये चित्र आहे. पत्र्याच्या शेडमधली शाळा, जमिनीवर बसलेली मुलं, फळ्यावर बाराखडी. एका फ्रेममध्ये नव्या घरांचा पाया आणि त्यावर उभे असलेले काही गावकरी. चेहरे ओळखता येतात. त्या भागातल्या लोकांना दाखवून नावं शोधायची ठरवलंय.

काकांनी चहाचे पैसेसुद्धा घेऊ दिले नाहीत. मुंबईला पाठवला असता तर वाटेत काय झालं असतं कोण जाणे. या धाग्यामुळंच वाचला. वेरूळवाट, तुम्ही प्रश्न विचारला नसता तर मी तो कुरिअरला दिलाच होता.

आता एक शेवटचं. पुण्याला चुलतभाऊ आहे, त्याच्याकडं चांगला स्कॅनर आहे. निगेटिव्ह त्याला कुरिअरनं पाठवली तर चालेल का? की हे पण हातानंच न्यायचं?

वेरूळवाट | रविवार, सकाळी १०.४०

ताई, वाचून फार बरं वाटलं. माझाही वेरूळचा रोल काल रात्री धुतला, परातीत बर्फ टाकूनच. सावल्या स्वच्छ आहेत. नाथषष्ठीचे आज रात्री घेतोय.

जुना डार्करूमवाला | रविवार, सकाळी ११.२०

ताई, निगेटिव्हला आता एक्स-रेची भीती नाही. फिक्सरमधून गेली, उरलेले क्षार धुऊन निघाले, कितीही मशिनमधून जाऊ द्या. भीती आहे ती ओरखड्यांची आणि हरवण्याची. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या करून दिल्यात, त्या प्लास्टिकच्या कप्प्यांतून बाहेर काढू नका. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा, चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, फिल्मला नको. पाठवायच्या आधी प्रत्येक पट्टी खिडकीसमोर धरून मोबाइलनं एक फोटो काढून ठेवा. आणि भावाला सांगा, फिल्म वाकलेली आहे, स्कॅनरच्या पट्टीत जोर करून बसवू नको. आधी दोन दिवस जाड पुस्तकाखाली ठेव, कप्प्यासकट.